बी कुठंय

कौसाबाई घाटाखालून पहिल्या एसटीनं येते,
टोपलीत सीताफळं, खाली-वर त्याचीच पानं.
सकाळी ऐंशीनं किलो.
दुपारी साठ.
दिवेलागणीला भाव विचारावा लागत नाही,
तिचीच हाक येते: घे गं माय,
डोळे उघडल्यात समद्यांचे,
उद्यापस्तोर न्हाई थांबायची.

दसरा झाला होता.
मी अकरा किलो घेतली, वीसच्या भावानं,
आणि वर दोन मागून घेतली.
हे आधीच सांगून टाकते.

जेवणं उरकल्यावर परात घेऊन बसलो,
मी आणि विश्वंभर.
सीताफळाला सुरी लागत नाही,
अंगठा टेकला की ते स्वतःच हार मानतं.
साल फार खरवडायची नाही, गर रवाळ होतो.
लोखंडी चाळण घ्यायची नाही, काळवंडतो.
मिक्सर लावला आणि एक जरी बी फुटलं
तर सगळं कडू.
म्हणून हातानंच.
विश्वंभर एकेक बी चोखून ताटलीत टाकायचा,
पंचायत समितीत शिक्के मारतो तसा,
टक्, टक्.
बिनपगारी काम, म्हणाला,
आणि चोखत राहिला.

लिंबू पिळलं, वाटीला दोन चमचे साखर,
पिशव्या चपट्या केल्या,
राहिलेली हवा ओठांनी ओढून घेतली.
लेकीनं वहीची लेबलं चिकटवली.
नाव: सीताफळ. इयत्ता: अर्धा किलो.
विषय: रबडी.

बिया धुऊन वाळत घातल्या.
आई त्यांची पूड आमच्या डोक्याला लावायची, उवांसाठी,
डोळ्यांवर घट्ट फडकं बांधून.
ओट्यावर तिघी बहिणी आंधळ्या,
कोण आलं ते चपलांवरून ओळखणाऱ्या.

मार्गशीर्षात गल्लीतलं रोहित्र जळालं.
दोन दिवस वीज नाही.
फ्रीजचं दार उघडायचं नाही, असा हुकूम काढला
आणि त्याला दोन गोधड्या पांघरल्या.
नसीमभाभी मीठ मागायला आली, बघतच राहिली:
इसकू थंडी बजरी क्या?
तिसऱ्या दिवशी उघडलं.
पिशव्यांच्या कडा मऊ पडलेल्या,
मधे अजून दगड.

चैत्रात कौसाबाई आली चिंचा घेऊन.
टोपली तीच.
पाणी मागितलं. ऊन असं
की उंबऱ्यावर पाय ठरत नव्हता.
मी आत जाऊन एक पिशवी फोडली,
वाटीत गर दिला, अजून बर्फाचे खडे असलेला.
तिनं आधी वास घेतला.
ह्या दिसांत?
मग चमचा बाजूला ठेवून बोटानं चाटलं.
जीभ फिरत राहिली तोंडात,
या गालातून त्या गालात,
झोपेत शेजारचं लेकरू चाचपावं तशी.
ओठ पुढे केले, थुंकायला.
काहीच नव्हतं.

बी कुठंय?

काढून टाकलं, म्हटलं.

पस्तीस वर्सं इकते, म्हणाली,
पाडव्याला कधी खाल्लं न्हवतं.
हसली. दातांना गार लागलं म्हणून
गालावर हात ठेवला.
मग वाटी स्वतःच विसळून पालथी घातली.
केवढ्याचं झालं हे?
अगं, खायला दिलं, पैसे कसले.
तसं न्हाई. इकलं तर केवढ्याला जाईल?

मला आकडा माहीत होता.
मोंढ्याजवळच्या आइस्क्रीमवाल्यानं
गेल्याच आठवड्यात सांगितला होता.
मी चिंचा निवडू लागले,
एकेक टरफल दाबून,
जणू त्यातली एखादी किडकी निघणारच होती.
शेवटी सांगितला.
तिनं मनात काहीतरी भागलं,
बोटांची पेरं मोजली, परत पहिल्यापासून मोजली.

चुंबळ डोक्यावर ठेवली. काढली.
औंदा एक पाटी माझी
तुमच्या ह्याच्यात ऱ्हाईल का?
सकाळची नगं. सांजची.
ज्यांचे डोळे उघडत्यात ती.

वरचा कप्पा केवढा ते मी हातानं दाखवलं,
वीतभर, आणि वर चार बोटं.
ती माझ्या हाताकडे बघत नव्हती.
बर्फाचा ट्रे काढला
तर अजून थोडी जागा होते.